किर्लोस्करांनी दहा धंदे केले, मग मी तीन का करू नयेत?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी भलत्याच गोष्टीचं उत्तर देतोय असं व्हायला नको. पंढरपूर रस्त्याला तुमचं वर्कशॉप आहे, नऊ वर्षं झाली. उसाच्या ट्रॉल्या बनवता, दुरुस्त करता, सहा माणसं कामाला आहेत. हाताशी वीस-बावीस लाख साठलेत आणि मनात तीन बेत आहेत: सोलर पंपाची डीलरशिप, वडिलांच्या दीड एकरावर मंगल कार्यालय आणि रोटाव्हेटरची, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या माती फोडणाऱ्या अवजाराची, पाती स्वतः बनवून विकणं. तिन्ही याच वर्षी. घरचे नको म्हणतात. त्यावर तुमचं म्हणणं असं, की लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलीपासून पंपापर्यंत दहा धंदे केले, वालचंद हिराचंदांनी बोगद्यांपासून विमानांपर्यंत मजल मारली, तेव्हा एकाच धंद्याला चिकटून कोण मोठा झालाय?

कुपवाडच्या एमआयडीसीत माझं शेती अवजारांचं वर्कशॉप आहे. एकतीस वर्षं झाली. ट्रॉली, टँकर, पेरणी यंत्र, नांगराचे सुटे भाग. मधे एकदा दुसऱ्या धंद्यात उडी मारून तोंडावर आपटलोय, ते पुढे सांगतो. किर्लोस्करवाडी आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, त्यामुळे लक्ष्मणरावांचं नाव आमच्या भागात फिटर-टर्नरच्या तोंडीही असतं. पण नाव तोंडी असणं वेगळं आणि त्या माणसानं कुठल्या क्रमानं काय केलं हे नीट बघणं वेगळं. मलाही ते बघायला माझे पैसे बुडावे लागले.

एक आधीच कबूल करतो. तुमच्या घरात दुसरा कर्ता माणूस आहे का, ती जमीन वाटण्या होऊन तुमच्याकडे आलीय की अजून सामाईक आहे, त्या वीस लाखांतले किती खरोखर मोकळे आणि किती पत्रे-अँगलवाल्या व्यापाऱ्याचे द्यायचे राहिलेत, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझं उत्तर त्यावर बरंच बदलेल. तरी क्रमाचा मुद्दा बदलणार नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. त्यांना व्हायचं होतं चित्रकार. त्यासाठी मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले आणि तिथे कळलं की आपल्याला काही रंगांतला फरक ओळखता येत नाही. चित्रकाराला यापेक्षा मोठं संकट कुठलं? पण रेषेला रंग लागत नाही. ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले आणि मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवायला लागले. यंत्रं कागदावर काढता काढता खोलून जोडायलाही शिकले. तुम्ही 'दहा धंदे' म्हणता ना, ते सगळे या एका गोष्टीवर उभे आहेत: समोर आलेलं यंत्र बघायचं, मापं घ्यायची, आराखडा काढायचा, आणि ते आपल्या माणसाला चालेल असं पुन्हा बनवायचं. धंदे बदलले, हे कौशल्य बदललं नाही.

सायकलीचं दुकान आपल्याला गोड गोष्ट म्हणून माहीत असतं. १८८८ हे किर्लोस्कर ब्रदर्सचं स्थापना वर्ष मानलं जातं ते त्या दुकानामुळे. लक्ष्मणराव मुंबईत नोकरी करत, सायकली विकत घेऊन बेळगावला पाठवत, आणि तिथे थोरले बंधू रामूअण्णा त्या विकत. एका सायकलीला सातशे ते हजार रुपये, चालवायला शिकवायचे वेगळे पंधरा. मी इथे नेहमी थांबतो, कारण नव्या पोरांना हे दिसत नाही: पगार चालू होता. नव्या धंद्याच्या मुंडीवर घरखर्चाचं ओझं नव्हतं. नोकरी सुटली ती नंतर, बढतीची पाळी यांची असताना ती एका अँग्लो-इंडियनला दिली तेव्हा. तोवर बेळगावात पाय टेकायला जागा तयार झाली होती. आणि दुसरी गोष्ट, पहिल्या दिवसापासून दोन माणसं होती. एक मुंबईत, एक बेळगावात.

बेळगावात सायकली दुरुस्त करता करता वर्कशॉप उभं राहिलं आणि तिथून कडबा कापायचं यंत्र निघालं. गिऱ्हाईक नवं होतं, सायकल घेणारा साहेब-वकील गेला आणि शेतकरी आला. पण हत्यारं तीच, हात तेच. त्यानंतर लोखंडी नांगर आला. आता गिऱ्हाईक जुनं होतं, कडब्याचं यंत्र घेणाऱ्यांतलंच, माल नवा होता. आणि तरीही तो नांगर विकला जाईना. लोखंडानं जमिनीत विष उतरतं अशी समजूत होती, लाकडी नांगर बापजाद्यांपासून चालत आलेला. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली.

दोन वर्षं! तुम्ही तुमच्या वहीत हे लिहून ठेवा. हातात ओळखीचं गिऱ्हाईक, ओळखीची हत्यारं, माल खरोखर चांगला, आणि तरी दोन वर्षं शून्य. ही दोन वर्षं ते तगले ते बाकीची कामं चालू होती म्हणून, असाच अर्थ मी लावतो. समजा त्याच दोन वर्षांत त्यांनी आणखी दोन अनोळखी धंदे काढले असते, तर आज आपण त्यांचं नावही घेत नसतो.

इथून मला एक कसोटी सापडली. मी ती आमच्या वर्कशॉपच्या भिंतीवर खडूनं लिहिली होती, रंगकामात पुसली गेली: 'माल नवा की गिऱ्हाईक नवं? दोन्ही नवं असेल तर घरी जा.' नांगरापासून पुढची लक्ष्मणरावांची प्रत्येक उडी या कसोटीवर घासून बघा. नांगरानंतर उसाचा चरक, मग पुढे १९२६च्या सुमारास पाण्याचा पंप. शेतकरी तोच. ज्याच्या शेतात नांगर चालतो, त्याच्याच विहिरीवर पंप बसतो. पंपाचं कवच ओतायला जी भट्टी लागते ती नांगराच्या भागांसाठी आधीच पेटलेली. एक पाय कायम जुन्या जमिनीवर.

'मग मासिकं?' असं तुम्ही विचाराल, कारण किर्लोस्करवाडीतून 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर' निघत हे मराठी माणसाला ठाऊक असतं. त्याचीही सुरुवात १९२०मध्ये 'किर्लोस्कर खबर' म्हणून झाली, कारखान्याची बातमी माणसांपर्यंत पोचवणारं पत्र म्हणून. 'स्त्री' १९३०ला आली, 'मनोहर' १९३४ला. चालवणारे होते पुतणे शंकरराव, ज्यांना आपण शं. वा. म्हणून ओळखतो. म्हणजे तिथेही एक माणूस त्यासाठी पूर्णवेळ मोकळा होता आणि त्याला त्याची ओढ होती. लक्ष्मणराव सकाळी ओतकामावर आणि दुपारी प्रूफं तपासायला बसत नव्हते.

आता तुम्ही वापरलेल्या एका शब्दाबद्दल. तुम्ही लिहिलंय की हे लोक 'शून्यातून, कुणाच्या मदतीशिवाय' उभे राहिले. हिमतीवर उभे राहिले हे शंभर टक्के खरं. मदतीशिवाय हे खरं नाही, आणि हा गैरसमज धंद्यात फार महागात पडतो. बेळगावात नगरपालिकेला नवी वसाहत करायची होती म्हणून यांना वर्कशॉपची जागा सोडावी लागली. चालतं वर्कशॉप उचलून कुठे नेणार? त्या वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. कुंडल रोड नावाच्या आडबाजूच्या स्टेशनजवळ बत्तीस एकर जमीन दिली, दहा हजार रुपयांचं कर्ज दिलं. जमीन म्हणजे निवडुंगानं भरलेला माळ, सापांचं राज्य. १९१०मध्ये पंचवीसेक कामगार बायकामुलांसह तिथे उतरले आणि किर्लोस्करवाडी वसवली. त्या स्टेशनचं नावही पुढे किर्लोस्करवाडी झालं. आज ते पलूस तालुक्यात आहे, कधी सांगलीकडे आलात तर उतरून बघा.

त्या माळावर कोण कोण होतं याची यादी मला त्या बत्तीस एकरांपेक्षा मोलाची वाटते. गावाची व्यवस्था बघायला रामूअण्णा. यंत्रांना शंभोराव जांभेकर. हिशेबाला मंगेशराव रेगे. अनंतराव फळणीकर आणि के. के. कुलकर्णी हे दोघे शिक्षण अर्धवट राहिलेले, पैकी फळणीकर यंत्रकामात रमले आणि कुलकर्णी विक्रीपासून व्यवस्थेपर्यंत पडेल ते काम करू लागले. रात्रीच्या राखणीला तर पूर्वी गुन्हेगार ठरलेली माणसं ठेवली होती, कारण माणूस सुधारतो यावर लक्ष्मणरावांचा विश्वास होता. अस्पृश्यता त्या वसाहतीत पाळायची नाही असा नियम होता, आणि तोही १९१०च्या महाराष्ट्रात. थोडं विषयांतर होतंय, पण माणसं टिकवण्याचा आणि धंदा पसरण्याचा संबंध फार जवळचा आहे. ज्याच्याकडे विश्वासाचे चार माणूस आहेत त्याचे चार धंदे होतात. ज्याच्याकडे तो एकटाच आहे त्याचा एकच धंदा होतो, पाट्या कितीही लावू द्या.

म्हणून माझा तुम्हाला पहिला उलटा प्रश्न: तुम्ही सलग पंधरा दिवस आजारी पडलात, फोनही उचलला नाहीत, तर वर्कशॉपमधून ट्रॉली बाहेर पडेल का? माप कोण घेईल, दर कोण सांगेल, उधारी कोण मागेल? याचं उत्तर 'नाही' असेल, तर तुमच्याकडे अजून एक धंदाही पूर्ण झालेला नाही. तुमच्याकडे एक चांगला पगार देणारी नोकरी आहे, जिचे मालक तुम्हीच आहात. मी स्वतः हे वयाच्या चाळीशीपर्यंत समजलो नव्हतो, तुम्ही तीस-बत्तीसचे असाल, तुम्हाला वेळ आहे.

पुढचा पसारा तर दुसऱ्या पिढीचा आहे, हेही विसरलं जातं. थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत यंत्र अभियांत्रिकी शिकून १९२६ला परतले. १९४१ला हरिहरला यंत्रं बनवणारी यंत्रं काढणारी म्हैसूर किर्लोस्कर निघाली. १९४६ला पुण्यात खडकीला ऑइल इंजिनं आणि त्याच वर्षी बंगळूरला विजेच्या मोटारी. आपल्याला हे सगळं एका दमात सांगितलं जातं, त्यामुळे वाटतं एक माणूस एका वर्षी दहा ठिकाणी हात घालत होता. १८८८ ते १९४६ मोजा. अठ्ठावन्न वर्षं, दोन पिढ्या. आणि इंजिन, मोटार, पंप हे तीन वेगळे धंदे वाटतात खरे, पण शेतकऱ्याच्या विहिरीच्या काठावर ते एकाच चौथऱ्यावर बसतात.

आता वालचंदांचं. त्यांचं उदाहरण तुम्ही दिलंत ते जरा जपून वापरा. सोलापूरचं सावकारी-व्यापारी घराणं, म्हणजे सुरुवात शून्यातून नव्हती. लक्ष्मण बळवंत फाटक हे रेल्वेतले माजी कारकून, त्यांच्या भागीदारीत वालचंद रेल्वेची कंत्राटं घ्यायला लागले. बार्शी लाइट रेल्वेपासून सुरुवात करून बोरघाटाच्या बोगद्यांपर्यंत पोचले. १९१९मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन काढली, ५ एप्रिलला त्यांची 'लॉयल्टी' बोट मुंबईहून निघाली, आणि म्हणूनच आपण ५ एप्रिलला सागरी दिन पाळतो. १९४०ला बंगळूरला विमानांचा कारखाना, १९४१ला विशाखापट्टणमला जहाजबांधणीची पायाभरणी, १९४४ला प्रीमिअर ऑटोमोबाइल्स, शिवाय वालचंदनगरची साखर.

हे माझ्या खडूच्या कसोटीत बसत नाही, दोन्ही नवं होतं. मग ते कसं जमलं? माझं मत असं, की त्यांचं कौशल्य ना जहाजाचं होतं ना विमानाचं. मोठं काम अंगावर घ्यायचं, त्याला पैसा उभा करायचा, सरकारदरबारी खेटे घालायचे, जाणकार माणूस परदेशातून आणायचा, आणि काम तडीस न्यायचं, हे कंत्राटदाराचं कौशल्य होतं. ते त्यांनी सगळीकडे नेलं. पण त्याची किंमतही बघा. परदेशी बोट कंपन्यांशी भाडेयुद्ध वर्षानुवर्षं चाललं. विमानांचा कारखाना १९४२मध्ये युद्धाच्या धामधुमीत सरकारनं ताब्यात घेतला. विशाखापट्टणमची गोदीही पुढे सरकारकडे गेली. ज्या धंद्याची किल्ली सरकारच्या खिशात असते, तो धंदा कितीही पराक्रमानं उभा केला तरी पूर्ण आपला नसतो. हे वाक्य लक्षात ठेवा, तुमच्या सोलर पंपाशी त्याचा थेट संबंध आहे.

आधी माझी गोष्ट उरकतो. २००८मध्ये माझ्याकडेही तुमच्यासारखेच चार पैसे साठले होते. एका नातेवाइकानं डोक्यात भरवलं, पाण्याच्या जारचा प्लांट टाक, एमआयडीसीतल्या प्रत्येक युनिटला रोज जार लागतो. चौदा लाख घातले, त्यातले आठ कर्जाचे. माल नवा, गिऱ्हाईक नवं. मला वाटलं होतं पाणी भरायला काय अक्कल लागते! अक्कल पाण्याला नाही, वाटपाला लागते. रिकामे जार परत येईनात, छोटा हत्ती गाडीचा ड्रायव्हर महिन्याला बदलायचा, उन्हाळ्यात मागणी पुरी करता येईना आणि पावसाळ्यात हप्ता निघेना. सव्वीस महिन्यांत बंद केला. नऊ लाख गेले.

पण खरा तोटा तो नव्हता. त्या काळात मी वर्कशॉपला दुपारी तासभर यायचो. एका टँकरच्या अॅक्सलची वेल्डिंग भर रस्त्यात सुटली. नशीब, टँकर रिकामा होता आणि कुणाला इजा झाली नाही. तो जोड मी स्वतः तपासायला हवा होता, त्या दिवशी मी जार मोजत होतो. त्या गिऱ्हाइकाच्या गावातून पुढची चार वर्षं मला एक काम आलं नाही. धंदा वाढवला की जोखीम वाटली जाते असं तुम्ही लिहिलंय. शेअर बाजारात असेल तसं. आमच्या तुमच्या आकारात लक्ष वाटलं जातं आणि जोखीम दुप्पट होते.

त्यानंतर जे चाललं ते अगदी कंटाळवाणं होतं. ट्रॉलीच्या गिऱ्हाइकालाच पाण्याचा टँकर. टँकरवाल्यालाच सुटे भाग. पेरणी यंत्राच्या फणांना बाजारात बरी मागणी दिसली तेव्हा तेवढेच वेगळे बनवून दुकानदारांना दिले. आज माझ्या नफ्यातला जवळजवळ निम्मा वाटा झिजणाऱ्या सुट्या भागांचा आहे, पूर्ण अवजारांचा नाही. अवजार शेतकरी दहा वर्षांतून एकदा घेतो, फाळ आणि फण दर हंगामात झिजतात.

आता तुमचे तीन बेत एकेक करून.

रोटाव्हेटरची पाती. गिऱ्हाईक जुनं आहे, ज्याच्याकडे उसाची ट्रॉली त्याच्याकडे किंवा त्याच्या भावाकडे रोटाव्हेटर. माल झिजणारा. शिवाय मागणी खरिपाच्या मशागतीआधी, म्हणजे एप्रिल ते जून, जेव्हा कारखाने बंद होऊन तुमचं ट्रॉलीचं काम थंड असतं. तिन्हींत मला हा बेत सगळ्यात पसंत आहे. पण पातं दिसतं तेवढं साधं नाही. पोलाद कुठलं आणि त्याला पाणी कसं दिलं यावर सगळं आहे. कडक झालं तर दगडाला लागून तुकडा उडतो, मऊ राहिलं तर चार एकरांत गोल होतं. तुमच्याकडे वेल्डिंगचे हात आहेत, भट्टीचे नाहीत. म्हणून भट्टी विकत घेऊ नका. पहिली दोनशे पाती कापून-वाकवून हीट ट्रीटमेंट, म्हणजे तापवून पाणी देण्याचं काम, बाहेरून जॉबवर्कनं करून घ्या, ओळखीच्या दहा शेतकऱ्यांना फुकट बसवून द्या, एका बाजूला बाजारातलं पातं आणि दुसऱ्या बाजूला तुमचं. हंगाम संपला की दोन्ही काढून वजन करा. कुठलं किती झिजलं ते काटा सांगेल. याला दीड-दोन लाखांवर खर्च येऊ नये. नांगराची दोन वर्षं आठवा आणि पहिल्या हंगामात विक्रीची आशा धरू नका.

सोलर पंप. गिऱ्हाईक जुनं, माल नवा, कसोटीत बसतं. पण किल्ली कुणाकडे आहे बघा. पीएम-कुसुम ही सौर पंपांची केंद्राची योजना २०१९ची, राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना २०२४ची. सर्वसाधारण शेतकऱ्यानं दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं पाच टक्के, बाकीची रक्कम सरकारी बाजूनं. म्हणजे तुमच्या दारात शेतकरी येईल, पण मोठा पैसा त्याच्या खिशातून येणार नाही. सरकारच्या यादीवर कंपनी असते, तुम्ही तिच्या हाताखाली पंप बसवणारे. वरून पैसे थांबले की सगळ्यात खालच्याचे सगळ्यात आधी थांबतात, हा कुठल्याही कंत्राटी साखळीचा नियम आहे. शिवाय पंप बंद पडला की शेतकरी कंपनीला नाही, तुम्हाला शिव्या देणार, कारण तुमचं वर्कशॉप रस्त्यावर आहे. माझा सल्ला: डीलरशिप घेऊ नका, पॅनेलखालची लोखंडी चौकट बनवायचं काम घ्या. अँगल, पाइप, वेल्डिंग, बेस प्लेट, हे तर तुमचं रोजचं. गॅल्व्हनायझिंग, म्हणजे गंज रोखणारा जस्ताचा थर, बाहेरून करून घ्यावं लागेल. माल उचलताना निम्मे तरी पैसे रोख ठेवा, आणि एका कंपनीकडे तीन लाखांहून जास्त उधारी अडकू देऊ नका. तीन लाख हा आकडा मी तुमच्या वीस लाखांवरून काढलाय, तुम्ही कमी करू शकता, वाढवू नका.

मंगल कार्यालय. याबद्दल तुमचा हिशेब मी समजून घेतला. एप्रिल-मेमध्ये वर्कशॉप मोकळं आणि लग्नसराई जोरात, म्हणून जोडी जमते. हंगामापुरतं तुमचं बरोबर आहे. बाकी सगळं चुकलंय. माल नवा, गिऱ्हाईक नवं, आणि सगळा पैसा जमिनीत पुरलेला, जो अडचणीत उकरून काढता येत नाही. हप्ता बारा महिने, तिथी मोजक्या. रात्री दोन वाजता जनरेटर बंद पडला, बोअरचं पाणी संपलं, आचारी आणि वऱ्हाडी भांडले, की माणूस तुम्हालाच लागणार. आणि जमीन वडिलांची आहे. उद्या भावाभावांत वाटणीचा विषय निघाला तर पाया कुणाच्या हिश्शात आणि स्टेज कुणाच्या हिश्शात, हे ठरवायला कोर्ट लागेल. घरचे नको म्हणतात ते बहुधा याच कारणानं, फक्त तोंडावर बोलत नाहीत.

लग्नसराईतला पैसा हवाच असेल तर दुसरी वाट आहे. तुमच्या तालुक्यात मंडपवाले किती आहेत मोजा. त्यांना लोखंडी कमानी लागतात, स्टेजच्या घडीच्या चौकटी लागतात, छताचे ट्रस लागतात, आणि दर दोन-तीन वर्षांनी नव्या घडणीचे लागतात कारण गिऱ्हाइकाला जुनी कमान फोटोत चालत नाही. त्यांची ऑर्डर लग्नसराईच्या आधी येते. कार्यालय बांधण्याऐवजी कार्यालयाला लागणारं लोखंड विका. गिऱ्हाईक नवं, पण हात जुने.

थोडक्यात, पात्यांवर यंदा एक हंगाम घाला, सोलरच्या चौकटींचं एखादं लहान काम घेऊन पैसे किती दिवसांत येतात ते स्वतः अनुभवा, मंडपवाल्यांना भेटून या, आणि कार्यालयाचा विषय वडिलांसमोर परत काढू नका. वीसपैकी सहा-सात लाखांच्या आतच हे सगळं बसवा. बाकीचे वर्कशॉपच्या खेळत्या भांडवलात राहू द्या, कारण ऑगस्टमध्ये ट्रॉलीच्या ऑर्डरी आल्या की पत्रा रोखीनं घेणाऱ्याला जो दर मिळतो तो उधारीवाल्याला मिळत नाही. तो फरक वर्षभराचा हिशेब केलात तर कुठल्याही जोडधंद्याच्या नफ्याइतका निघतो. माझा निघाला.

आणि सहांपैकी एक पोरगा निवडा. मापं घेणारा, गिऱ्हाइकाशी नीट बोलणारा, पैशाला सरळ. त्याला उद्यापासून एस्टिमेट काढायला बसवा, चुकू द्या. किर्लोस्करवाडीला फळणीकर आणि कुलकर्णी यांना कुणी शिक्षण पूर्ण झालं का असं विचारलं नव्हतं.

एक काम मात्र आजच करा. मागच्या तीन वर्षांची बिलं काढून महिन्यानुसार बेरीज मांडा: किती काम आलं, किती रोख आलं, किती उधार राहिलं. ते आकडे टाकलेत तर पात्यांच्या पहिल्या लॉटचा खर्च किती धरायचा ते मी सांगू शकेन. पोलादाचं गेज आणि भोकांचं माप विचारायचं असेल तर रोटाव्हेटरचं मॉडेलही लिहा, प्रत्येकाचं भोक वेगळं असतं.